विशेषणांची भयंकर परिस्थिती

मागच्या आठवड्यात एक इंग्रजी रिपोर्ट मराठीत करायला घेतला होता, आणि पहिल्याच पानावर अडकले. वाक्य साधंच, तिथली परिस्थिती 'डायर' आहे. लिहून टाकलं, गंभीर आहे. पुढच्या ओळीत 'ग्रेव्ह' आला, मग गंभीर काढून त्याला दिलं आणि डायरच्या वाट्याला बिकट आलं. तिसऱ्या ओळीत सिव्हिअर, मग क्रिटिकल, आणि परिच्छेद संपता संपता अ‍ॅक्यूट! माझ्या हातात तोवर चिंताजनक, नाजूक आणि भीषण एवढेच उरले होते, दारुण होता म्हणा पण तो आपण पराभवासाठी राखून ठेवलाय, दुसरीकडे वापरला की उगाच क्रिकेटचा स्कोअर आठवतो.

मग काम बाजूला ठेवून डिक्शनरीत शिरले. डेडलाइन असताना हे करायचं नसतं, पण असो.

तर ग्रेव्ह म्हणजे मुळात जड. लॅटिनमधला शब्द, आणि आपल्या 'गुरू'चा सख्खा चुलतभाऊ, लघु-गुरूमधला गुरू, वजनदार या अर्थाचा. मी इतकी वर्षं समजत होते की परिस्थिती ग्रेव्ह म्हणजे आता खड्डा खणायचीच वेळ आली, पण कबरवाला ग्रेव्ह वेगळ्याच घरातला निघाला, तो खणण्यावरूनच आलाय. अर्जंटच्या मुळाशी रेटणं, मागे लागणं आहे, म्हणजे आपला तगादाच की. अ‍ॅक्यूट म्हणजे टोकदार, म्हणून तर भूमितीतल्या बिचाऱ्या लघुकोनालाही अ‍ॅक्यूट अँगल म्हणतात, त्याच्यावर काही संकट आलेलं नसताना. आणि ड्रास्टिक! मीटिंगमध्ये कुणी 'ड्रास्टिक स्टेप्स' घ्यायच्या म्हणालं की आता मला हसू आवरणार नाही, कारण हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा आला तो जोरदार औषधांसाठी, विशेषतः जुलाबाच्या.

मला सगळ्यात आवडला तो हॉररचा खानदानी इतिहास. त्यामागचं लॅटिन क्रियापद म्हणजे केस ताठ उभे राहणं, आपल्या भाषेत अंगावर काटा येणं. संस्कृतातला हृष् धातू त्याच कुळातला, त्याचाही अर्थ तोच, आणि त्यातून आपल्याकडे आला हर्ष. काटा काय, भीतीनं पण येतो आणि आनंदानं पण, त्यांनी भीती उचलली, आपण आनंद उचलला. (हर्ष नावाच्या मुलांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.)

क्रिटिकल मात्र आपण सगळे चुकीचा ऐकतो असं वाटायला लागलंय. ग्रीकमधलं मूळ आहे निवडणं, निर्णय देणं, आणि जुने वैद्य 'क्रायसिस' म्हणायचे ते आजाराच्या त्या वळणाला जिथून माणूस एकतर सुधारतो नाहीतर जातो. म्हणजे क्रिटिकलमध्ये वाईट असं अजून काही झालेलं नाही, फक्त निकाल लागायचाय. पण फोनवर 'पेशंट क्रिटिकल आहे' ऐकताना ग्रीक कोणाला आठवतंय.

बाकी शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. टेरिबल आणि टेरिफिक दोघंही एकाच भीतीच्या पोटचे, एक तसाच राहिला आणि दुसरा टाळ्या घ्यायला लागला. आपण तरी काय केलं, भय उत्पन्न करणारं ते भयंकर, आणि आपल्याला भूक भयंकर लागते, गाणं भयंकर आवडतं, कोणी भयंकर गोड असतं. खतरनाकचंही तेच झालंय.

गंमत तेव्हा संपते जेव्हा या शब्दांवर जीव अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या धोक्याची जी शिडी होती तिची वरची पायरी एक्स्ट्रीम, पण फेब्रुवारी 2009 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात आग लागून 173 माणसं गेली आणि मग एक्स्ट्रीमच्याही वर 'कॅटॅस्ट्रॉफिक' नावाची पायरी चढवली गेली. पायऱ्या झाल्या सहा. आता व्हेरी हाय वरचा की सिव्हिअर, आणि सिव्हिअर असेल तर घर सोडायचं की नाही, हे दारात उभं राहून कोण ठरवणार? 2022 मध्ये त्यांनी नेमक्या याच दोन पायऱ्या काढल्या, खालचीही जरा आवरली, आणि चारच ठेवल्या. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. अमेरिकेत 2020 च्या लॉरा चक्रीवादळाच्या वेळी तर हवामानवाल्यांनी शिडीच सोडली आणि समुद्राच्या लाटेला सरळ 'अनसर्व्हायव्हेबल' म्हटलं, यातून वाचता येणार नाही असं. याच्यापुढे सिव्हिअर म्हणजे पावसाची भुरभुर.

याच्या उलट इंग्रजांचं. एप्रिल 1951, कोरियात इमजिन नदीपाशी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या बटालियनला चिन्यांनी घेरलेलं, आणि त्यांचे ब्रिगेडिअर ब्रॉडी अमेरिकन वरिष्ठांना कळवतात की परिस्थिती जरा 'स्टिकी' आहे. चिकट! इंग्रजांच्या मापात याचा अर्थ आता वाचत नाही. अमेरिकन साहेबांना वाटलं, चाललंय बरं, निभावतील. मदत वेळेवर पोचली नाही आणि पाचशेच्या वर सैनिक कैद झाले. एकच भाषा बरं का दोघांची.

मला मराठीत 'चिकट परिस्थिती' लिहायचा मोह झाला होता, आवरला. रिपोर्टमध्ये शेवटी डायर तेवढा बिकटच ठेवला, ग्रेव्ह आणि सिव्हिअर दोघांना मिळून एक गंभीर दिला, क्रिटिकलला अक्षरं बदलून तसाच बसवला आणि अ‍ॅक्यूट गुपचूप गाळला, कोणाला कळलं नाही. पाठवल्यावर मेल आलं, विषयाच्या जागी 'मोस्ट अर्जंट'. ते मी जेवून आल्यावर उघडलं, फाँट बदलून हवा होता. तेवढ्यात आईचा मेसेज, 'फोन कर'. बस, दोन शब्द, पुढे ना विशेषण ना टिंब, आणि माझे हात गार. नंबर लावताना दोनदा चुकला.

तिला चष्मा सापडत नव्हता.