संवेदना नसलेल्या पायांची आग

ज्या पायांना टोचलेली सुई कळत नाही, त्याच पायांची रात्रभर आग होते, हे मज्जारज्जूची इजा जवळून न पाहिलेल्या माणसाला पटवणे कठीण जाते. माझ्या थोरल्या भावाला ही वेदना सुरू झाली तेव्हा भेटायला येणारे बहुतेक नातेवाईक 'मन कशात तरी गुंतव' असे सांगून जात. वास्तविक मज्जारज्जूची इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना नसांची वेदना होते, आणि ती मनाच्या दुबळेपणातून येत नाही.

दादाची इजा डी-10 पातळीची आहे, म्हणजे साधारण बेंबीच्या रेषेखाली त्याला स्पर्श कळत नाही. त्या रेषेवर मात्र पट्टा करकचून आवळल्यासारखे दुखते आणि पायजम्याची नाडी तिथे नुसती टेकली तरी तो दचकतो. वहिनीने नाड्या काढून सैल इलॅस्टिक घातले. सैलच, कारण इलॅस्टिक रुतल्याचे त्याच रेषेच्या खालच्या कातडीला समजणार नाही. पायांतली आग काही महिन्यांनी सुरू झाली. तिचा उगम पायांत नसतो. इजेच्या आसपासच्या चेतापेशी अतिसंवेदनशील होऊन आपोआप संदेश सोडू लागतात, त्यांना आवर घालणारे मेंदूकडून येणारे मार्ग तुटलेले असतात, आणि मेंदू त्या संदेशांचा अर्थ 'पाय जळताहेत' असा लावतो. त्यामुळे पायांना बाम चोळून फारसे काही साधत नाही, आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नये, कारण कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही.

दुखणे कोणते, हे आधी ठरवायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. व्हीलचेअर ढकलून आणि हातांवर भार देऊन पलंगावर सरकून खांदा दुखतो, ते स्नायूंचे आणि सांध्याचे दुखणे असते. तिथे फिजिओथेरपी आणि बसण्या-उठण्याची योग्य पद्धत उपयोगी पडते. नसांच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सहसा चालत नाहीत. तिच्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन देतात, ज्या मूळच्या फिट्सवरच्या गोळ्या असल्याने औषधवालाही कधीकधी 'फिट येते का?' असे विचारतो. मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिनला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. तिने गुंगी येते, पायांना सूजही येऊ शकते, आणि ती एकदम बंद करून चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनही वापरतात, पण तिने बद्धकोष्ठ वाढते व लघवी तुंबू शकते, आणि या रुग्णांना नेमका तोच त्रास आधीपासून असतो. औषधाने वेदना कमी होते, पूर्ण जातेच असे नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले तर घरच्यांची निराशा बरीच टळेल.

नेहमीची आग एखाद्या दिवशी अचानक वाढली, तर आम्ही डोस वाढवण्याचा विचार नंतर करतो. आधी लघवी गढूळ आहे का, पोट साफ झाले आहे का, माकडहाडापाशी किंवा टाचेवर कातडी लाल झाली आहे का, हे पाहतो, कारण शरीराला जे दुखणे सरळ सांगता येत नाही, ते पुष्कळदा या आगीतूनच व्यक्त होते. इजेला वर्षे उलटल्यावर वेदना नव्या जागी, विशेषतः आधीच्या रेषेच्या वर सरकू लागली, किंवा हाताची ताकद घटली, तर मात्र घरी थांबू नये; मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार झालेली असू शकते आणि ती एमआरआयवरच दिसते.