चुसोक, कोजागिरी आणि माझं फुटलेलं सोंगप्योन

आज ६ ऑक्टोबर २०२५, तिकडे तुमची कोजागिरी आणि इकडे कोरियात चुसोक, म्हणजे त्यांचा सुगीचा सण, टीममधल्या मित्राने गोंगजूजवळच्या गावी घरी नेलं होतं.

काल संध्याकाळी त्याच्या आईने मला सोंगप्योन करायला बसवलं. तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ-साखर, आकार अर्ध्या चंद्राचा, म्हणजे आपली छोटी करंजीच की! मी मोदकाच्या कॉन्फिडन्सने दाबलं आणि फुटलं. सोंगप्योन सुंदर वळलं की मुलगी सुंदर होते म्हणे, त्यामुळे माझं बघून सगळे खो खो हसले 😅 खाली पाइनच्या सुया पसरून वाफवतात, तो वास अजून हाताला आहे.

सकाळी चार्ये, म्हणजे पूर्वजांना नैवेद्य. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, पीच अजिबात नाही कारण त्याने पितर पळतात. भाताऐवजी सोंगप्योन, मग दोनदा पूर्ण वाकून नमस्कार. कावळ्याची वाट बघणं नाही, नंतर तेच ताट सगळ्यांनी मिळून खायचं.

नैवेद्याच्या तळणाचे ढीग मात्र बायकांनीच केले. २०२२ मध्ये सोंग्ग्युनग्वान या कन्फ्युशियन संस्थेने सांगितलं होतं की तळलेलं ठेवायची गरज नाही, हे मी हळूच मित्राला म्हटलं तर तो म्हणाला, आईला तू सांग.

मी कशाला सांगतोय.

मग टेकडीवर आजोबांच्या थडग्याशी गेलो, गवत आधीच कापलेलं, मित्राने दारू ओतली आणि मलाही वाकायला सांगितलं. मला आमचे अण्णा आठवले, पितृपक्षात यंदा घरी नव्हतो.