ॲक्रोलाइटची डागडुजी : एका ड्रममधले चार धातू

शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत उन्हाळा लागला की गॅरेज सेल सुरू होतात, आणि तिथे जुन्या सायकली व बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शेजारी अधूनमधून एक राखाडी, पुठ्ठ्याच्या पेटीत कोंबलेला ड्रम दिसतो. बहुतेक वेळा तो लुडविग कंपनीचा ॲक्रोलाइट असतो. शाळेच्या बँडमध्ये नाव घातलेल्या मुलांसाठी पालकांनी घेतलेले हे स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या कातड्याला तारा टेकवलेले ड्रम, मुले कॉलेजला गेल्यावर तळघरात पडून राहिले, आणि आता घर आवरताना बाहेर येत आहेत. मी घेतलेला ड्रम असाच होता : व्यास १४ इंच, खोली ५ इंच, वरचे कातडे फाटलेले, ते दाबून धरणाऱ्या रिमवर गंजाचे ठिपके आणि तारा अर्ध्या लोंबणाऱ्या.

विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत सुरू केलेली ही कंपनी पुढे विकली गेली, लुडविग हे नाव कुटुंबाच्या हातून गेले आणि १९५५ मध्ये ते पुन्हा कुटुंबाकडे आले. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकले तेव्हा रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर हेच नाव ठळक दिसत होते. त्यानंतर मागणी इतकी वाढली की डेमन ॲव्हेन्यूवरच्या कारखान्याला ती पुरी करणे जड जाऊ लागले. १९८१ मध्ये कंपनी सेल्मर या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि पुढे १९८४ मध्ये कारखाना उत्तर कॅरोलिनातील मन्रो या गावी हलला. माझ्या ड्रमवर निळ्या-ऑलिव्ह रंगाचा बिल्ला आहे, म्हणजे तो साधारण १९७० च्या दशकातला आणि शिकागोतच घडलेला आहे. बिल्ल्यावर क्रमांक असतो खरा, पण तो पाहून नेमके वर्ष सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण हे बिल्ले क्रमाने लावले जात नव्हते.

जुन्या धातूच्या ड्रमचे काम हाती घेताना सर्वांत आधी धातू ओळखावा लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्या घरी पितळी भांडे काळे पडले की चिंच किंवा पितांबरी घेऊन बसायचे, आणि ते लखलखले की समाधान मानायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली असते; ती इथे नुकसान करते. ॲक्रोलाइटचे शेल, म्हणजे ड्रमचे मधले नळकांडे, ॲल्युमिनियमचे असून त्यावर ॲनोडाइझ केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने तयार केलेला, ऑक्साइडचा पातळ थर असतो. रिम पोलादी आणि त्यावर क्रोमचा मुलामा, रिम ताणून धरणारे रॉड ज्यांत बसतात ते शेलवरचे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, आणि लगच्या आतले नट पितळी. एकाला चालणारे औषध दुसऱ्याला विष ठरते. रॉडचा गंज काढायला व्हिनेगर चालते म्हणून लगही त्यात बुडवले, तर आम्ल जस्ताला खाऊ लागते. ॲल्युमिनियमला आम्लाइतकीच अल्कलीचीही भीती असते. ओव्हन साफ करण्याचे फवारे किंवा डिशवॉशरची पावडर तो ऑक्साइडचा थर उतरवते आणि खालचा धातू डागाळतो. त्यामुळे शेलसाठी मी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ फडके यापलीकडे गेलो नाही. काही ठिकाणी पांढुरके ठिपके राहिले आहेत. ते घासून काढता येतील, पण त्यांच्याबरोबर मूळचा ऑक्साइडचा थरही जाईल, म्हणून ते तसेच ठेवले.

याच कारणासाठी मला ॲक्रोलाइट हा त्याच्या श्रीमंत भावापेक्षा, म्हणजे लुडविगच्याच सुप्राफॉनिक ड्रमपेक्षा, डागडुजीला अधिक सोयीचा वाटतो. सुप्राफॉनिकचे शेल जवळजवळ असेच ॲल्युमिनियमचे, मात्र लग आठऐवजी दहा आणि वर चकचकीत क्रोम. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत त्याने जे स्थान मिळवले त्याला तोड नाही. पण ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, आणि काही दशकांत त्याला फोड येऊन पापुद्रे सुटू लागतात. सुटलेला पापुद्रा परत बसवता येत नाही, आणि नव्याने मुलामा चढवण्याचा खर्च बहुधा परवडत नाही. ॲक्रोलाइटवर निघण्यासारखे क्रोम मुळातच नाही.

रिमचा गंज मात्र सहज जातो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चकाकीवर ओरखडे उठत नाहीत आणि तांबूस गंज काळसर रबडी होऊन फडक्यावर येतो. जिथे क्रोमखालचे पोलादच खाल्ले गेले आहे तिथे बारीक खड्डे उरतात. रिम लगेच कोरडी करून तिच्यावर मेणाचा पातळ हात फिरवला की गंज पुन्हा चटकन धरत नाही.

लगच्या आत नट जागेवर धरून ठेवणारी एक स्प्रिंग असते. ड्रम वाजला की ही स्प्रिंग स्वतःही किणकिणते, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना ती किणकिण कुठून येते हे समजत नाही. प्रत्येक स्प्रिंगमध्ये फेल्टची लहानशी सुरळी सरकवली की ती गप्प होते. नटांना किंचित वंगण दिले आणि रॉड आधी बोटांनीच फिरवून पाहिले. जो बोटांनी फिरत नाही त्याला किल्ली लावू नये, आटे जातात. हे आटे अमेरिकी १२-२४ मापाचे असतात, त्यामुळे मिलिमीटरच्या मापाचा कुठलाही बोल्ट त्यांत बसवण्याचा मोह टाळावा.

शेलचे काठ सपाट आहेत का हे पाहण्यासाठी ते ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथे ठेवून आत टॉर्च लावला आणि खोलीतले दिवे मालवले. वरच्या काठाखालून कुठेही उजेड आला नाही. खालच्या काठाला दोन समोरासमोरच्या जागी प्रकाशाची बारीक रेघ दिसली, आणि ती दिसायलाच हवी होती : तिथे तारा कातड्याला नीट टेकाव्यात म्हणून काठ मुद्दाम किंचित खोलगट ठेवलेला असतो. हौशी मंडळी कधीकधी ही खोलगट जागा म्हणजे पोचा समजून सरळ करायला जातात, आणि मग तारा कधीच धड बसत नाहीत.

आत फेल्टची गादी असलेला, बाहेरच्या गोल खुंटीने दाबायचा मफलर अनेक जण काढून फेकतात, कारण सैल झाला की तो खडखडतो. मी फक्त फेल्ट बदलले आणि स्क्रू आवळला. तो काढला तर शेलला रिकामे भोक उरते, शिवाय मूळ सामान शाबूत असलेल्या ड्रमकडे बघण्यात एक निराळे सुख आहे.

कातडी अर्थातच नवी, म्हणजे प्लास्टिकच्या पडद्याची. वर पांढरा लेप दिलेला सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पडदा, आणि खाली त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ, जवळजवळ पारदर्शक. खालच्या पडद्यावर चुकूनही काठी मारू नये. तो मारण्यासाठी नसून तारांना थरथरवण्यासाठी असतो. जुन्या वीस तारांपैकी काही ताणून लांबल्या होत्या, आणि एकच सैल तार सगळ्या आवाजात खरखर कालवते, म्हणून पूर्ण संच बदलला आणि तो पातळ नायलॉन दोरीने बांधला.

सूर लावताना किल्ली नेहमी समोरासमोर फिरवायची, शेजारी-शेजारी नाही, आणि प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारून आवाज जुळवायचा. खालचा पडदा बराच ताणला आणि वरचा मध्यम ठेवला तेव्हा ॲक्रोलाइटचा ओळखीचा कोरडा, आटोपशीर आवाज आला. पितळेच्या मानाने ॲल्युमिनियमची घनता एक-तृतीयांशही नसते. पितळी ड्रमसारखी मागे रेंगाळणारी घणघण यात नाही, आणि छोट्या खोलीत वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला ती नकोच असते. शेजारी कोणी बास गिटार छेडली की तारा आपोआप सळसळतात. तो बिघाड नाही, आणि त्यासाठीच तारा कातड्यापासून सैल करणारी लीव्हर बाजूला दिलेली आहे.