दादरचं पोर्तुगीज चर्च आतून

दादरला पत्ता सांगताना आम्ही सगळेच 'पोर्तुगीज चर्चच्या इथे' म्हणतो, बसस्टॉपचं नावही तेच, पण आत पाऊल टाकायला मला शाळेतल्या मैत्रिणीचं लग्न व्हावं लागलं. नाव ऐकून माहीमच्या चर्चसारखे दोन उंच मनोरे डोळ्यासमोर येतात ना, तसं काहीच नाही, काँक्रीटचे मोठ्ठे घुमट आहेत, वर निमुळते होत गेलेले. जागा मात्र फार जुनी, १५९६ पासून इथे चर्च आहे, आत्ताची इमारत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात बांधली.

आत गेल्यावर कळतं की हा एक हॉल नाहीचे. छप्पर असलेली जागा, मग उघडं अंगण, मग परत छप्पर, असं एकात एक गुंतलेलं आहे सगळं. आणि ते घुमट नुसते शोभेचे नाहीत हं, गरम हवा वर चढून तिथून बाहेर जाते आणि उजेडही तिथूनच खाली येतो. एका ठिकाणी वरच्या काचेवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं काम आहे, मी मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असताना मान वर करून तेच बघत बसले होते.

मैत्रिणीच्या बाबांनी नंतर छान समजावलं. पूर्वी मिसा लॅटिनमधे असायची आणि फादर जमलेल्या लोकांकडे पाठ करून उभे राहायचे, १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या मोठ्या सभेनंतर, ते लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, मिसा लोकांच्या भाषेत आली. म्हणजे लोक नुसते बघणारे राहिले नाहीत, मग इमारत तरी जुन्यासारखी लांबलचक कशी चालेल?

पण मला सगळ्यात आवडली ती अंगणं. मिसा संपली तरी कोणी हलेना, म्हाताऱ्या बायका सावली धरून बसल्या, पोरं पळापळी करत होती, फादर प्रत्येकाशी उभ्याउभ्या दोन शब्द बोलत होते आणि नवरीला तर गाडीपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. हल्ली चर्च काय देऊळ काय, नवीन बांधलं की एसी लावून दारं बंद करतात, प्रार्थना झाली की माणूस थेट पार्किंगमधे. ते मला खरंच बरं वाटत नाही.

तुम्ही गेलात तर मिसेच्या वेळी फोटो काढत फिरू नका प्लीज. मिसा संपेपर्यंत थांबा आणि मग अंगणात थोडा वेळ बसा.