आलंच की, मावशी

देवगिरी किल्ल्याच्या अंधारीतून, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेतून, बाहेर पडलं की उन्हानं डोळे दिपतात, आणि नेमकं तिथंच माणूस पहिल्यांदा मान वर करून डोंगर बघतो. परवा दुपारी मी उतरत होतो, तर तिथल्याच एका पायरीवर नऊवारीतल्या एक मावशी टेकलेल्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, “किती ऱ्हायलंय रे बाबा?”

“आलंच की, मावशी.”

गणपतीचं देऊळ यायचं होतं, मग बारादरीचा महाल, आणि माथा त्याच्याही वर. पण मला काडीचंही वाईट वाटलं नाही. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला एवढं खोटं बोलायचंच असतं. त्यांनीही ते खोटं ओळखलं असणार, कारण हसल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

आमच्या परभणीकडच्या शाळांची सहल म्हणजे एका दिवसात मकबरा, पाणचक्की, देवगिरी, वेरूळ आणि घृष्णेश्वर. एसटी रात्रीच निघायची, पहाटेपर्यंत अर्धी पोरं ओकून मोकळी झालेली असायची आणि उरलेल्यांच्या पिशव्यांतून धपाट्यांचा वास सुटलेला असायचा. किल्ल्यात शिरलो, चाँद मिनार मागे पडला, खंदकापर्यंत आलो आणि कुणीतरी गणिताच्या सरांना विचारलं, “सर, किती राहिलं?” सरांनी चष्मा सावरून वर बघितलं. यादवांनी पायथ्याचा कडा असा उभा तासलाय की खालून बघताना टोपी पडावी. सर म्हणाले, “अजून निम्म्याच्या वर बाकी आहे.” उत्तर बरोबर होतं. निम्मी पोरं तिथंच बसली आणि त्यांनी डबे उघडले.

मागून खेळाचे सर आले. “आलं रे, आलं! वर तोफ आहे, तोफ!” उरलेले आम्ही त्यांच्या मागे अंधारीत घुसलो. वटवाघळांचा तो वास, एकमेकांच्या शर्टाला धरून चालणं, मुद्दाम मारलेल्या किंकाळ्या. त्यानंतरही “आलं, आलं” चालूच होतं. माथा काही येत नव्हता, आणि मग एकदम आला. तोफ खरंच होती. आम्ही तिच्यावर बसलो, वारा खाल्ला, आता काय करायचं ते कुणालाच सुचेना म्हणून उतरलो. खाली खरं ऐकलेल्यांनी आमच्याही दशम्या संपवल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी तेवढी ठेवली होती.

खोट्याखोट्यातही फरक असतोच म्हणा. याच किल्ल्याला 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्य समजून वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं सांगतात. ते वेगळं.

माझी एक खोड आहे. बारादरीवरून परतणाऱ्याला मी देवगिरी चढलेला मानत नाही. जागा तशी फसवीच. शहाजहान येणार म्हणून बांधलेली, ऐसपैस, मस्त वारा. लोक फोटो काढतात, पाणी संपवतात आणि “झाला बुवा किल्ला” म्हणत फिरतात. असं कुणी मला सांगितलं की मी साळसूदपणे विचारतो, “जनार्दनस्वामींची गुहा पाहिलीत ना?” समोरचा गप्प होतो. स्वामी इथले किल्लेदार, आणि त्यांच्याकडे शिकायला पैठणहून एकनाथ आले, तेही लहान वयात. त्या पोरानंही वाटेत कुणाला तरी विचारलंच असेल, किल्ला किती राहिला म्हणून. आणि समोरून येणारा आपल्याच मुलखातला, तेव्हा काय सांगितलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मला प्रश्न पडतो तो दुसऱ्यांचा. 1327 मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं आणली, देवगिरीचं दौलताबाद झालं. हजार किलोमीटरच्या वर वाट. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या निघाल्या. कितीतरी जण वाटेतच गेले, असं तेव्हाच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. त्यांनीही विचारलं असेल, किती राहिलं? पण सांगणार कोण? सगळेच जाणारे. तिथून परत येणारं अजून कुणी नव्हतंच.