मृगाच्या पावसात पाटोद्याची पांदण: रुंद टायर घेऊन जाऊ नका

सात किलोमीटरला चार तास लागले. इंजिन कमी पडलं नाही, फोर-बाय-फोर कमी पडलं नाही. चुकले ते टायर आणि चाकं, तेही महागातले. म्हणून हा वृत्तांत प्रवासाचा कमी आणि टायरचा जास्त आहे.

मार्ग: संभाजीनगर, गेवराई, बीड, मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा आणि परतीला पाटोदा–आष्टी भागातले शिवरस्ते. जूनचा दुसरा आठवडा, आदल्या संध्याकाळी मृगाची एकच जोरदार सर. गाडी २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस. मूळ टायर २५५/६५ आर १७ (रुंदी मिमीत, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, चाक इंचांत) काढून २६५/७० आर १७ मड-टेरेन (चिखलासाठीचे), एलटी (हलक्या ट्रकच्या बांधणीचे), ई लोड रेंज (जास्त भार पेलणारे) बसवलेले; चाकं आठ इंच रुंद अलॉय, ऑफसेट १० (चाकाचा हबला टेकणारा भाग रुंदीच्या मध्यापासून १० मिमी बाहेरच्या बाजूला). दुकानात मिळालेला सल्ला असा: रुंद टायर चिखलात तरतो.

वाळूत तरतो. बालाघाटच्या काळ्या रानात एका सरीनंतर वरची तीन-चार बोटं माती लोण्यासारखी होते आणि खाली जमीन कोरडी, टणक असते. अरुंद टायर वरचा थर कापून त्या टणक जमिनीला टेकतो. रुंद टायर लोण्यावरच राहतो आणि गाडी आडवी सरकते. महिनाभर पाऊस झाल्यावर हा हिशेबही संपतो, कारण मग खाली टणक काही उरतच नाही.

गेवराई, बीडपर्यंतच्या हायवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सौताड्याचा दिवसही निवांत गेला.

आता ती पांदण. हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात विटेसारख्या भाजून निघालेल्या असतात. पाऊस पडला की चाकोरीच्या तळाशी चिखल होतो, कडा मात्र टणकच राहतात आणि मधूनमधून काळ्या पाषाणाचे धारदार धोंडे वर आलेले असतात. टायरची बाजू या कडांना घासत जाते. ट्रेड (जमिनीला टेकणारा खाचांचा थर) कितीही जाड असू द्या, फाटते ती बाजूची भिंत, आणि तिला बत्ती (भोकात ठासायची रबरी दोरी) लावून पंक्चर काढता येत नाही. टायर गेला म्हणजे गेलाच. वेड्या बाभळीच्या काट्यांनी होणारी पंक्चरं त्या मानाने काहीच नाहीत. बत्तीचा संच आणि कॉम्प्रेसर असला की दहा मिनिटांचं काम.

मड-टेरेनच्या खाचा मोठ्या असतात, त्यातली माती चाक जोरात फिरलं तरच झडते. चाकोरीत जोरात फिरवाल तर गाडी पोटावर बसेल. हळू चालवलं की पन्नास मीटरमध्ये खाचा बुजतात आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. त्यात मोठ्या टायरने चाकावरची जागा खाल्लेली. २५५/६५ आर १७ ची उंची ७६३ मिमी, २६५/७० आर १७ ची ८०३. म्हणजे गाडी दोन सेंटिमीटर उचलली जाते आणि वरची मोकळी जागा तेवढीच कमी होते. मातीचे लोंदे तिथं अडकले, लायनर (चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर) सुटलं, आणि दर दोनशे मीटरला टॉमीने माती उकरायची वेळ आली. चार तासांतले तीन यातच गेले.

ऑफसेटचा हिशेब दुकानात कुणी करून दाखवत नाही, तो स्वतः करा. मूळ चाक सात इंच, ऑफसेट ३३ धरा. आठ इंच आणि ऑफसेट १० केलं की रुंदीचे १२.७ आणि ऑफसेटचे २३ मिळून चाकाची बाहेरची कड जवळपास ३६ मिमी बाहेर येते. गाडी दिसते झकास. पण बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं, पूर्ण वळवल्यावर टायर लायनरला घासतो आणि चिखल थेट दारांवर उडतो. स्पेसर (हब आणि चाकामध्ये घालायची चकती) लावून हेच करायला कुणी सांगितलं तर ते दुकान सोडा.

मग घ्यायचं काय? आधी हे बघा: २५५/७० आर १६, २५५/६५ आर १७ आणि २५५/६० आर १८ या तिन्हींची उंची एकच, ७६३ मिमी. फरक बाजूच्या भिंतीत. १६ ला ती साधारण १७८ मिमी, १७ ला १६६, १८ ला १५३. दगडात ती उंचीच रिम वाचवते. म्हणजे पांदणीत जाणाऱ्या गाडीला १८ इंची चाक चढवणं हा शुद्ध खुळेपणा. त्याहून बरा २४५/७५ आर १६: उंची ७७४, स्पीडोमीटरचा फरक दीड टक्क्याच्या आत, दहा मिमी अरुंद, भिंत १८४ मिमी. ट्रेड ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारा. २६५/७० ला हाच फरक पाच टक्के होतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ने पळत असते.

लोड इंडेक्सकडे, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याच्या आकड्याकडे, दुर्लक्ष करू नका. मूळ ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो. २४५/७५ आर १६ साध्या बांधणीत १११ मिळतो, म्हणजे १०९० किलो, चालेल. एलटी सी रेंजमध्ये (ई पेक्षा हलकी बांधणी) तोच साइज १०८ येतो, १००० किलो. नाव दणकट, पण भार मूळपेक्षा कमी, म्हणून तो नको. ई रेंज १२० म्हणजे १४०० किलो. मागे नेहमी अर्धा टन माल असेल तरच घ्या, रिकाम्या गाडीत तो दगडासारखा लागतो. एलटीत हवाही गाडीवरच्या स्टिकरमधल्या आकड्यापेक्षा चार-सहा पीएसआय जास्त लागते.

१६ इंची चाक विकत घेण्याआधी एक पुढच्या हबवर बसवून हाताने पूर्ण फिरवा. ब्रेक कॅलिपरला तीन-चार मिमी मोकळीक हवीच. बोल्टची मापं ६ × १३९.७ (सहा बोल्ट, १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक हबवर नेमकं बसणारं. मोठं असेल तर सेंट्रिंग रिंग लागते. नट जुनेच वापरताना त्यांची बैठक बघा. कुठल्या चाकाला शंकूचे लागतात, कुठल्याला चपट्या वॉशरचे. अदलाबदल झाली तर नट सैल होतात. घट्ट करताना समोरासमोरचे घ्या, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा. चाक स्टीलचं घ्या. वाकलं तर गावातला पंक्चरवाला ठोकून चालण्याजोगं करतो; अलॉय तडकतं.

टायर पाचच घ्या, चार नव्हे. स्टेपनी वेगळ्या उंचीची असेल तर ती लावून फोर-व्हीलमध्ये चालवता येत नाही. साइज मूळपेक्षा वेगळा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा.

बिलाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तो आकडा बघा. नायट्रोजनचे वेगळे पैसे देऊ नका. हवेत ७८ टक्के तोच असतो, आणि पांदणीत हवा सोडून पुन्हा भरायचीच आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दीड-दोन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

हवा: दगडात २४ ते २६ पीएसआय, चिखलात १८ ते २०, १५ च्या खाली टायर रिमवरून निसटू शकतो. मागे माल असेल तर मागची हवा उतरवू नका. डांबरी लागली की आधी हवा भरा, मग चहा.

आणि पाऊस झाला असेल तर वाफसा येऊ द्या. रस्त्यातली मूठभर माती दाबा. गोळा होऊन हाताला चिकटली तर गाडी मागे घ्या, बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर निघा. टायर कोणताही असो.

परतताना ८० च्या वर स्टीअरिंग थरथरायला लागतं. बीडमध्ये एका ठिकाणी याचं निदान निघालं अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि बेअरिंग, तिन्ही एकदम. यातलं काहीच नव्हतं. रिमच्या आतल्या बाजूला माती वाळून तिचं कडं झालं होतं, एका चाकात टोपलीभर. वॉशिंगवाला बाहेरून फवारा मारतो, ते कडं तसंच राहतं. चाक काढून आतून खरवडा, मग काय थरथरतं ते बघा.