३६९० वर आकाशवाणी

२०१६च्या हिवाळ्यात कांदिवलीच्या आमच्या गच्चीवर मी चाळीस फुटी तार ताणली. तिच्याखाली तार आणि केबल यांचा मेळ घालणारा ९:१चा ट्रान्सफॉर्मर, त्यानंतर सिग्नल वाढवणारा २० डेसिबलचा प्रीॲम्प आणि तिथून को-ॲक्स केबल खाली घरातल्या रिसीव्हरपर्यंत. ३५०० किलोहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या ८० मीटर बँडवर रात्री लांबचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ऐकायचे, एवढीच इच्छा होती.

पहिल्याच रात्री ३६९० किलोहर्ट्झवर मराठी कार्यक्रम लागला. आवाज फाटका, पण शब्द स्पष्ट. ट्रान्समीटरची हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीची पूर्ण पट, असेल असं वाटलं, पण मुंबई आकाशवाणीच्या ५५८ किंवा १०४४ किलोहर्ट्झ यांच्या पटीत ३६९० बसत नाही. मग वहीत बेरजा मांडल्या. १०४४ची तिप्पट ३१३२, त्यात ५५८ मिळवले की बरोबर ३६९०! १६०२ वर पाहिलं, तर तिथेही दोन्ही केंद्रं एकमेकांत मिसळलेली. ही तर सरळ बेरीजच.

आता प्रश्न असा, की हे मिश्रण हवेतच आहे की माझ्या डब्यात तयार होतंय? तार आणि प्रीॲम्प यांच्यामध्ये सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावला. खरा सिग्नल असता तर तेवढाच उतरला असता. मोर्सचे सिग्नल रिसीव्हरच्या मीटरवर दीडेक एस-पॉइंट (पायरी) खाली आले, आणि ३६९० वरचा कार्यक्रम मात्र पार बुडाला. चौथ्या क्रमाचं मिश्रण (तीन वेळा १०४४, एकदा ५५८) १० डेसिबलला हिशेबाने ४० उतरतं. म्हणजे ते माझ्या प्रीॲम्पमध्येच जन्मत होतं. मालाडचे प्रक्षेपण मनोरे इतके जवळ, त्यात आकाशवाणीची काहीच चूक नाही. ॲटेन्युएटर रिसीव्हरच्या तोंडाशी लावून ही परीक्षा होत नाही, कारण तोवर मिश्रण होऊन गेलेलं असतं. माझे दोन रविवार त्यातच गेले होते.

लॅमिंग्टन रोडवरून लाल टोरॉइड (तार गुंडाळायची कडी) आणि मायका कपॅसिटर आणले आणि साधारण २.३ मेगाहर्ट्झच्या वरचंच आत सोडणारा सात घटकांचा फिल्टर बांधला. तो प्रीॲम्पच्या आधी बसवताच १६०२ आणि ३६९० दोन्ही शांत झाले.

उरली ती दर साठेक किलोहर्ट्झवर येणारी गुरगुर. घरचा मेन स्विच बंद करून रिसीव्हर बॅटरीवर चालवला, तरी ती होतीच. छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन जिन्यात फिरलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एलईडी दिव्यापाशी तिने जोर धरला. सोसायटीने दिवा बदलला. राहिलेला आवाज को-ॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून येत होता. फेराइट रिंगवर केबलचे दहा वेढे घेतले, तोही बराच ओसरला.

शेवटी एक तपासणी केली, जी खरं तर सर्वांत आधी करायला हवी होती. प्रीॲम्प काढून फक्त फिल्टर ठेवला आणि तार जोडून-सोडून पाहिली. तार जोडताच बँडची खरखर स्पष्ट वाढत होती. म्हणजे हवेतला गोंगाटच रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा मोठा, प्रीॲम्पची इथे गरजच नव्हती. त्या रात्री अकरानंतर ३५२० च्या आसपास कोणीतरी अगदी मंद हाताने मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे ‘कोणी बोलणार का’ अशी हाक, देत होतं. प्रत्येक डॅश मोजता आला.